कुंदाताईंची पकड

कुंदाताई मांजरेकरांनी माझा हात मोडला, तीच आमची पहिली ओळख.

दोन हजार आठ-नऊचा काळ. मी मीरा रोडला हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीत एका गाळ्यात चालणाऱ्या छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचो. सिल्व्हर पार्कात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. बिल्डरनं हातात चावी दिली, आणि रविवारी सकाळी मी फाइल काखेत मारून घर बघायला गेलो. दाराला तोरण होतं, खाली पायपुसणं होतं. मला वाटलं, मजला चुकला. पुन्हा नंबर बघितला, बरोबर होता. असेल कुणी मजुरांनी लावलेलं, असं म्हणून लॅचमध्ये चावी घातली. ती फिरली.

दार आतून ओढलं गेलं. एका हातानं माझं मनगट धरलं, कोपरापर्यंत आत खेचलं, आणि त्याच हातावर दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, कळ नंतर आली.

"कोणाचा माणूस तू?" दारामागून बाईचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. "पप्पूचा? बोल, नाहीतर अजून दाबते."

मला बोलता येत नव्हतं. काखेतली फाइल पडून कागद आत-बाहेर पसरले होते. आत कुणीतरी वाकून ते गोळा करत होतं. मग पुरुषाचा सावकाश आवाज आला, "कुंदा, सोड त्याला. ह्याच्याकडेपण ॲग्रीमेंट आहे. आपल्याच फ्लॅटचं."

दार उघडलं. समोर पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची, गाऊनवर ओढणी घेतलेली बाई होती. डाव्या भुवईतून जुनी खोक गेलेली. तिनं माझ्या लोंबणाऱ्या हाताकडे बघितलं, मग चावीकडे.

"मग बेल वाजवायची ना," ती म्हणाली. "लोकांच्या घराला कुणी चावी लावतं का?"

तिनंच मला स्कूटरवर मागे बसवून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत मान न वळवता म्हणाली, "हे बघ, हात मोडला त्याचं वाईट वाटतंय मला. पण फ्लॅट माझा आहे. ते डोक्यात ठेव."

परिस्थिती अशी होती की बिल्डरनं एकच फ्लॅट आम्हा दोघांना विकला होता. आम्हालाच नाही, आणखीही कुणाला विकला असणार, आणि त्या इमारतीतले बाकीचे फ्लॅटही तसेच विकले असणार, असं कुंदाताईंच्या नवऱ्याचं, मांजरेकरकाकांचं, म्हणणं होतं. कुंदाताईंनी लालबागची खोली मोडून हे घर घेतलं होतं आणि बिल्डर ताबा द्यायला टाळाटाळ करतोय म्हटल्यावर त्यानं नुसतं घर बघायला दिलेली चावी लावून सरळ राहायला आल्या होत्या. बिल्डरनं पप्पू नावाचा माणूस पाठवला. पप्पूनं पहिल्या खेपेला त्यांचा गॅसचा सिलिंडर जिन्यावरून खाली गडगडत सोडला आणि जाताना सांगितलं, "अगली बार तू जाएगी ऐसे." त्यानंतर दोनच दिवसांनी मी चावी लावली होती.

कुंदाताई लालबागला असताना कबड्डी खेळायच्या. जिल्ह्याच्या संघात होत्या. पकडीला उभ्या राहायच्या, चढाईला नाही. चढाई करणाऱ्याचं नाव होतं, पण सामना पकडीवर जिंकतात, असं त्या म्हणायच्या. बोलतानाही समोरच्याचं मनगट धरून बोलायची सवय. भाजीवाल्याचं, वाण्याचं, बँकेतल्या मॅनेजरचंसुद्धा. पकड सैल असे, पण सुटत नसे, आणि माणूस हळूहळू बोलायचा थांबून ऐकायला लागे. दाराकडे पाठ करून त्या कधी बसायच्या नाहीत. तोंडात सतत लवंग. हाटकेशलाच प्लॅस्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका युनिटमध्ये त्या सुपरवायझर होत्या, आणि तिथल्या बायका सांगायच्या की मालकानं एका मुलीच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा कुंदाताईंनी त्याचा तोच हात गरम साच्याच्या इतका जवळ नेऊन धरला की केस जळल्याचा वास आला. मालकानं त्यांना काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच फ्लोअरवर यायचा बंद झाला.

मांजरेकरकाका म्हणजे अगदी दुसरं टोक. ते एका औषधाच्या गोदामात होते. घरात कुंदाताई रागानं वस्तू फेकायच्या आणि काका मागे मागे फिरून त्या उचलायचे, पुसायचे, जागच्या जागी ठेवायचे. एकदा माझ्यासमोर स्टीलचा डबा भिंतीला लागून चेपला. काकांनी तो उचलला, अंगठ्यानं पोचा आतून दाबून बघितला आणि म्हणाले, "ह्याच्यात आता साखर नको, रवा ठेवू."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. समोर बसलेल्याला ते गमतीचं नव्हतं. त्यांच्या हाताला आधी विचारायची सवय नव्हती. खालच्या मजल्यावर अगरवालअंकल म्हणून विधुर गृहस्थ होते. इमारतीत राहायला आलेल्या मोजक्या लोकांची त्यांनी एकदा गच्चीवर मीटिंग घेतली. सगळे घाबरलेले. अंकल म्हणाले, "बेटा, काँप्रोमाइज कर लो. ये लोग अच्छे नहीं हैं." कुंदाताईंनी उठून त्यांच्या कानफटात मारली. म्हातारा खुर्चीसकट आडवा झाला. कानातून रक्त आलं. अंकलना उचलायला कुणी पुढे झालं नाही, मीही नाही.

माफी त्यांनी मागितली नाही. पण पुढचे कितीतरी दिवस रोज सकाळी कामावर जाताना अंकलच्या घरी जायच्या, त्यांचं डोकं आपल्या मांडीवर आडवं घेऊन कानात औषधाचे थेंब घालायच्या आणि निघून जायच्या. मी अंकलना विचारलं, राग नाही आला? ते म्हणाले, "आया ना. पर उसको बोलूँ कैसे, दूसरा कान भी है मेरा."

वेबसाइटची कल्पना काकांची. एकाच फ्लॅटचे तीन-तीन मालक असतील तर ते एकमेकांना सापडले पाहिजेत, असं ते म्हणाले. ज्याला त्याला बिल्डर वेगळं गाठतो, वेगळं घाबरवतो. मग मी एक साधी साइट बनवायला घेतली. इमारत निवडा, फ्लॅटचा नंबर टाका, त्या नंबरवर आणखी कुणी दावा केलाय का ते बघा, फोन करा. बस इतकंच. पण माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि ऑफिसातलं दुसरं कुणी ह्या भानगडीत पडायला तयार नव्हतं. साहेबांनी रविवारी गाळा वापरायची परवानगी तेवढी दिली.

"मी मोडलाय ना तुझा हात," कुंदाताई म्हणाल्या. "मग मी टाइप करते. तू सांग."

रविवार दुपारी त्या यायच्या, कीबोर्ड पुढे ओढायच्या आणि दोन बोटांनी मी सांगेन ते एकेक अक्षर ठोकायच्या. एंटर अशी मारायच्या की माउस हलायचा. पान उघडायला वेळ लागला की ओठांत कबड्डी कबड्डी म्हणत दम धरायच्या. साइट सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यातच फोन यायला लागले. कुणी बोईसरहून, कुणी डोंबिवलीहून. दुबईला नोकरी करणाऱ्या एका जोडप्याचा फोन आला. त्यांच्याकडेही आमच्याच फ्लॅटचं ॲग्रीमेंट होतं. कुंदाताईंनी त्यांना फोनवरच सांगितलं, "आधी सगळे मिळून त्याला धरू. आपल्यातलं भांडण नंतर. पण फ्लॅट माझा आहे."

आणि एक दिवस साइट बंद झाली.

ती आम्ही भाईंदरच्या एका ओळखीच्या माणसाकडे ठेवली होती. तो आपल्या सर्व्हरवर लोकांच्या साइट्स भाड्यानं ठेवायचा. मी फोन केला तर म्हणाला, "भाई, तुमचा डेटा घेऊन जा, मला काही विचारू नका." कुंदाताईंनी मला स्कूटरवर बसवलं आणि त्याच्या दुकानात गेलो. त्या पायऱ्या चढतानाच ओढणी खोचत होत्या. मी मागून म्हणत होतो, ताई, आधी बोलू या. त्यांनी काचेचं दार ढकललं, हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला.

त्या माणसाचा एक डोळा सुजून बंद झाला होता. खालचा ओठ फाटलेला. टेबलावर त्याचं मशीन उघडं पडलं होतं, आतल्या तारा बाहेर.

कुंदाताईंनी हात खाली घेतला. कूलरचं पाणी ग्लासात भरून त्याच्यासमोर ठेवलं. "ह्याला आधीच मारलंय," मला म्हणाल्या, जणू मला दिसत नव्हतं.

त्यानं आमच्या फाइल्स एका सीडीवर भरून ठेवल्या होत्या. ती त्यानं टेबलावरून पुढे सरकवली. परत येताना कुंदाताईंनी मध्येच स्कूटर बाजूला घेतली. मग म्हणाल्या, "नित्या, असं मशीन नाही का, जिथे जाऊन कुणाला मारता येणार नाही?"

होतं. त्याच सुमारास परदेशातल्या कंपन्या तासावर मशीन भाड्यानं द्यायला लागल्या होत्या. मशीन आपल्याला कधी दिसत नाही, कुठल्या शहरात आहे तेही नीट कळत नाही. इथे बसून ते चालवायचं. मी ऑफिससाठी एकदोनदा वापरून बघितलं होतं. नुसतं कोरं मशीन घेतलं तर त्यावर एकेक गोष्ट आपण बसवायची, ती जुळवायची, त्यात दिवस जातात, आणि माझा तर हात प्लॅस्टरमध्ये. पण तयार संचही मिळायचा. साइट दाखवणारा सर्व्हर, माहिती साठवणारा डेटाबेस, प्रोग्राम चालवणारी भाषा, सगळं आधीच बसवून, जुळवून ठेवलेलं. यादीतून निवडायचं, बटण दाबायचं, थोड्या वेळात मशीन उभं.

हे मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे रेडिमेड ब्लाउज. बाहीला जरा ढगळ होईल, पण लग्नाला वेळेवर पोचू."

त्या रविवारी आम्ही ते केलं. कार्ड माझं, बोटं त्यांची. बटण दाबल्यावर पडद्यावर काही वेळ नुसती रेघ पुढे सरकत होती आणि कुंदाताईंचा दम चालू होता. मग मशीनचा पत्ता आला. तो ब्राउझरमध्ये टाकला तर एक पान उघडलं, सगळं व्यवस्थित चालू आहे असं सांगणारं. आमचं अजून त्यावर काहीच नव्हतं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"अजून एक आहे. हा संच जो कुणी घेतो, त्याला डेटाबेसचा पासवर्ड एकच येतो. सगळ्यांना तोच. तो पहिल्यांदा बदलायचा."

कुंदाताईंनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बिल्डरनं आपल्याला चाव्या दिल्या तशा."

"तशाच."

"मग आधी तेच सांग. बाकीचं मग." त्यांनी पडद्यावरच्या कमांड टाकायच्या काळ्या खिडकीत मी सांगितलेली ओळ टाकली आणि नवा पासवर्ड टाकताना मला म्हणाल्या, "तू तिकडे बघ." मी भिंतीकडे बघितलं. डेटाबेसमध्ये शिरायला पासवर्ड लागला की मला त्यांना फोन करावा लागे, आणि त्या येऊन स्वतः टाकायच्या. मग सीडीवरच्या फाइल्स वर चढवल्या, साइटचं नाव नव्या पत्त्याकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांचे फोन पुन्हा सुरू झाले.

आठवड्याभरानं पप्पू गाळ्यावर आला. रविवारच होता. बरोबर तीन माणसं, हातात सळ्या. शटर अर्धं खाली ओढून त्यांनी आत बघितलं. मी आणि कुंदाताई दोघंच. पप्पू वयानं फार नव्हता, तिशीचा असेल. अंगात इस्त्रीचा शर्ट. "वेबसाइट किधर है?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता समोरचा मॉनिटर फोडला.

कुंदाताई उठल्या ते थेट त्याच्या अंगावर. डोक्यानं त्याच्या नाकावर धडक दिली. इस्त्रीचा शर्ट छातीवरून लाल झाला. पण माणसं चार होती. दोघांनी त्यांना मागून धरून टेबलावर पालथं पाडलं. मी मध्ये पडलो तर एकानं माझ्या प्लॅस्टरवरच सळी घातली. मी खाली बसलो, मला उठता येईना.

पप्पूनं नाकाला रुमाल लावला, मोबाइल काढला आणि कुठल्यातरी सायबर कॅफेत बसलेल्या आपल्या माणसाला विचारलं, "देख, बंद हुआ?" पलीकडून काय आलं ते त्याच्या तोंडावरून कळलं. त्यानं दुसरं मशीन उचलून आपटलं. "अब देख." तरीही साइट चालू. मग त्यानं आणि उरलेल्या एकानं मिळून गाळ्यातलं सगळंच फोडलं. प्रिंटर, फोन, साहेबांचा टेबलफॅनसुद्धा. प्रत्येक वस्तूनंतर तो फोनवर विचारायचा, आणि साइट चालूच असायची.

शेवटी तो कुंदाताईंजवळ वाकला. त्यांचं एक बोट धरून मागे वाकवायला लागला. "सर्वर किधर है?"

"मालूम नहीं."

बोट मोडलं. त्यांच्या तोंडातून श्वास बाहेर आला, आवाज नाही.

"किधर है?"

"अरे खरंच मालूम नहीं," कुंदाताई म्हणाल्या. "अमेरिका में है, नाहीतर अजून कुठे. इसको विचार, इसको पण मालूम नहीं. मैंने देखा ही नहीं तो बताऊँ क्या?"

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे त्याचा विश्वास बसत नव्हता. त्यानं दुसरं बोट धरलं. मी खालून ओरडत होतो, ती खरं बोलतेय, खरं बोलतेय. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग फुटलेल्या मशीन्सकडे. मला वाटलं, आता तो थांबेल. त्यानं बोट सोडलं, शेजारच्याची सळी घेतली आणि कुंदाताईंच्या उजव्या गुडघ्यावर मारली. एकदा, आणि मग नीट नेम धरून पुन्हा एकदा.

ते गेल्यावर शेजारच्या गाळ्यातले कामगार आत आले. कुंदाताई जमिनीवर पडल्या होत्या. पायाचा आकार बदललेला. मला म्हणाल्या, "नित्या, बघ, चालू आहे का."

"ताई, बघायला मशीन कुठे उरलंय?"

"मग त्याचा माणूस म्हणाला तेच खरं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्या हॉस्पिटलात असताना आमच्यासारखे सगळे खरेदीदार पहिल्यांदा एकत्र आले. खोलीत मावत नव्हते, कॉरिडॉरमध्ये उभे होते. बहुतेक जण एकमेकांना साइटवरूनच सापडलेले. दुसऱ्या दिवशी ते सगळे मिळून पोलीस स्टेशनात गेले. एकटा माणूस गेला की जी तक्रार लिहून घेतली जात नव्हती, ती ह्या वेळी लिहून घेतली गेली. बिल्डर पळाला, महिन्याभरानं धरला गेला. पप्पूही आत गेला आणि यथावकाश जामिनावर सुटला. बिल्डरच्या भागीदारानं तुरुंग टाळायला बऱ्याच जणांना दुसऱ्या इमारतीत जागा दिली. मला हाटकेशच्या बाजूला मिळाली, दुबईच्या जोडप्यालाही तिथेच. फ्लॅट कुंदाताईंचा राहिला. आमच्या साहेबांनी नवी मशीन्स घेतली आणि रविवारी गाळा उघडू नका, असं मला नीट शब्दांत सांगितलं.

गुडघा मात्र गेला. आत सळी बसवली, पण पाय वाकेना. झाकणांच्या युनिटमधली नोकरी सुटली. मला वाटलं होतं, आता त्या थंड होतील. झालं उलटंच. साइट चालूच होती, आणि दुसऱ्या इमारतींतले लोक तिच्यावरून त्यांना फोन करायला लागले. आमचं घर रिकामं करायला माणसं येणार आहेत, काय करू? कुंदाताई रिक्षा करून तिथे जायच्या. पोचल्या की त्या घराच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकायच्या, पाय स्टुलावर लांब करायच्या आणि जिन्याकडे तोंड करून बसायच्या. किती वेळा मार खाल्ला, ते काकांनाच माहीत. तेच हळद लावायचे.

पुढे काका निवृत्त झाले आणि दोघं रत्नागिरीकडे गावी गेली. जायच्या थोडं आधी मी त्यांना शेवटचं बघितलं. मीरा रोडच्याच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एका विधवा बाईच्या दारात त्या बसल्या होत्या. त्यांनीच मला फोन करून बोलावलं होतं, साइट सकाळपासून हळू चालतेय म्हणून. घर रिकामं करायला आलेली माणसं खालच्या लँडिंगवर सळ्या घेऊन उभी होती. त्यांत पप्पू होता. नाकाचं हाड वाकडंच जुळलेलं.

दुपारभर कुणी वर आलं नाही. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसून काम करत होतो, आणि पाठीमागून कुंदाताई विचारत होत्या, "वाढलं का स्पीड?" चारच्या सुमारास वकील आणि हवालदार स्टे ऑर्डर घेऊन आले. हवालदारानं कागद त्या माणसांना वाचून दाखवला. घर राहिलं.

कुंदाताई उठल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि पाय तेव्हा फारच सुजला होता. त्यांनी कठड्याला धरून एक पायरी उतरून बघितली. जमेना. मी हात पुढे केला.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

मग त्या जिन्यावर बसल्या. ताठ पाय पुढे धरून, दोन्ही तळवे टेकून, बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकायला लागल्या, लहान मूल उतरतं तशा. साडी मळत होती. लँडिंगवरची माणसं अजून गेली नव्हती. जिना अरुंद, त्यामुळे त्यांना वाट द्यायला ती भिंतीला चिकटून उभी राहिली, सळ्या अंगाशी धरून. कुणी हसलं नाही. उतरताना कुंदाताईंच्या पायातली एक चप्पल सुटली आणि लँडिंगवरच राहिली. पप्पू वाकला, त्यानं ती उचलली आणि त्यांच्या पुढे दोन पायऱ्या खाली नेऊन ठेवली.

कुंदाताई तिथपर्यंत सरकत आल्या. त्याच्याकडे न बघता त्यांनी चप्पल पायात घातली, आणि पुढच्या पायरीवर तळवे टेकले.